एक पायरी खाली



या वेळचा मजकूर संपादकांकडे चार दिवस उशिरा पोहोचला, त्याची आधी माफी मागते. मी घरी नव्हते. जपानमध्ये, ओकायामा शहरात मुलाकडे होते. तिथे नातवाच्या शाळेचा डबा, सुनेची नोकरी आणि माझा गुडघा या तिघांच्या वेळा जमवता जमवता लिहायला बसणं राहूनच गेलं.

मुलगा एका शनिवारी म्हणाला, "अम्मी, उद्या कोम्पिरासानला जाऊ. डोंगरावर आहे. बघण्यासारखं आहे." मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "दर्यावर्दींचं देवस्थान. इथले खलाशी, कोळी सगळे तिथं जातात." मग जरा थांबून म्हणाला, "पायऱ्या आहेत मात्र."

त्याच रात्री मुंब्र्याहून आपाचा फोन आला. माझी ही थोरली बहीण. तिला मी सांगितलं आणि पस्तावले. "तू तिथं कशाला जातेस? ते त्यांचं देवस्थान. आणि वर तुझा तो गुडघा!" मी म्हटलं, "पूजेला थोडीच जातेय, बघायला जातेय." ती म्हणाली, "बघायला बाग नाही मिळाली का?" आपाशी वादात कुणी जिंकत नाही. आमचे मरहूम भावोजीसुद्धा कधी जिंकले नव्हते.

खरं सांगायचं तर 'दर्यावर्दींचं' या एका शब्दानं मी जायला तयार झाले. आमचे अब्बा बोटीवर होते. खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन निवृत्त झाले. वाशिष्ठीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात तेव्हा निम्म्या घरांतले पुरुष बोटीवर असायचे. आम्हा मुलांना चिपळूणपलीकडचं काही ठाऊक नसलं तरी कोबे, योकोहामा, सिंगापूर ही नावं तोंडपाठ, कारण पत्रांवर ती असायची. अब्बांनी कोबेहून आणलेली निळ्या फुलांची चिनी मातीची बशी अजून माझ्याकडे आहे. कड उडालेली आहे, पण आहे.

रविवारी सकाळी गाडीत बसलो. ओकायामाहून कोतोहिरा हे साधारण तासाभराचं अंतर, पण मधे समुद्र आहे. ओकायामा मोठ्या बेटावर, कोतोहिरा शिकोकू नावाच्या दुसऱ्या बेटावर. दोन्हींना जोडणारा सेतो पूल १९८८ साली खुला झाला. वरून मोटारी जातात, खालून आगगाडी. खिडकीतून लोखंडी खांब सरकत राहतात आणि त्यांच्या फटींतून खाली समुद्र, छोटी छोटी बेटं आणि मुंग्यांसारखी जहाजं दिसतात. नातू काचेला नाक लावून बसला होता. मुलगा सांगत होता, पूल नव्हता तेव्हा लोक फेरीबोटीनं जात. ११ मे १९५५ रोजी धुक्यात 'शिउन मारू' नावाची फेरीबोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ जण गेले आणि त्यांत सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांची संख्या मोठी होती. त्यानंतर पुलाच्या मागणीनं जोर धरला. तरी पूल व्हायला तेहेतीस वर्षं लागली.

मला 'रामदास' आठवली. कोकणातल्या कुठल्या घरात ती आठवत नाही? १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट पावसात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं समुद्रानं घेतली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण आमची आजी पावसाळ्यात कुणी बोटीनं निघालं की 'रामदास' हे नाव घ्यायची नाही. "ती बोट" म्हणायची. मी मुलाला विचारलं, इथले लोक त्या फेरीबोटीचं नाव घेतात का? त्याला माहीत नव्हतं.

कोतोहिरा हे छोटं गाव. स्टेशनातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायऱ्या सुरू होतात. पहिल्या शंभरेक पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत. खेळणी, पंखे, सुकी मासळी, आणि या भागात प्रसिद्ध असलेल्या उदोन शेवयांची खानावळ दर चार पावलांवर. दुकानदार बांबूच्या काठ्या चढणाऱ्याला देतात, उतरताना परत करायच्या. मी दोन घेतल्या. पूर्वी इथं डोलीही मिळायची. दोन माणसं खांद्यावर घेऊन ३६५व्या पायरीपर्यंत पोहोचवत. उचलणारे म्हातारे झाले आणि २०२० मध्ये डोली बंद पडली. माझं नशीब!

खालपासून देवस्थानच्या मुख्य वास्तूपर्यंत ७८५ पायऱ्या आहेत. त्याच्याही वर, दाट झाडीत आतलं स्थान आहे, तिथपर्यंत मोजल्या तर १,३६८. नातवानं जाहीर केलं की तो मोजणार आणि कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. हे त्याला पंचवीस पायऱ्यांपर्यंत जमलं.

डोंगराचं नाव झोझुसान, म्हणजे हत्तीच्या डोक्याचा डोंगर. लांबून तसा आकार दिसतो असं म्हणतात. मला काही दिसला नाही. पण 'कोम्पिरा' या नावाची गोष्ट ऐकून मी पायरीवरच बसले. हे नाव जपानी नाही, संस्कृतातलं 'कुंभीर' आहे. कुंभीर म्हणजे गंगेतली मगर. बौद्ध ग्रंथांबरोबर ती चीनमार्गे इथवर आली, इथे पाण्याची आणि दर्यावर्दींची रक्षक देवता झाली आणि उच्चार बदलत बदलत कोम्पिरा झाली. कित्येक शतकं इथं बौद्ध आणि शिंतो दोन्ही प्रकारची उपासना एकत्रच चालत होती. १८६८ मध्ये नव्या सरकारनं दोन्ही वेगळी करायचा हुकूम काढला, तेव्हापासून हे शिंतो देवस्थान म्हणून गणलं जातं. लोक मात्र अजून जुनंच नाव घेतात. सरकारी नाव कागदावर आणि जुनं नाव तोंडात, हे आपल्यालाही नवीन नाही.

मगर म्हटल्यावर मला हसू आलं. आमच्या वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. लहानपणी अम्मी आम्हाला मगरीची भीती घालून पाण्यापासून लांब ठेवायची. एका घरी ज्याच्या नावानं पोरांना भिववतात, त्याच्याच नावानं दुसऱ्या घरी पोरांसाठी दुआ मागतात.

३६५व्या पायरीवर मोठा दरवाजा लागतो. आत गेलं की पांढऱ्या मोठ्या छत्र्यांखाली पाच जणी गोळ्या विकायला बसलेल्या दिसतात. देवस्थानच्या हद्दीत धंदा करायची परवानगी पूर्वापार फक्त पाच शेतकरी घराण्यांना आहे. गोळी म्हणजे पंख्याच्या आकाराची पिवळी साखरेची चकती, युझु नावाच्या लिंबाच्या वासाची. बरोबर एक इवलासा हातोडा देतात, त्यानं फोडायची आणि बरोबरच्यांना वाटायची. मुलानं पुडीवरचा मजकूर वाचून पाहिला. साखर आणि लिंबू. परदेशात राहून आमच्या घरात सगळ्यांनाच पुडी उलटून वाचायची सवय लागली आहे. नातवानं हातोडा ताब्यात घेतला आणि मोजणी पुन्हा एकदा चुकली.

इथून पुढे थोडा सपाट रस्ता आहे. दोन्ही बाजूंना चेरीची झाडं, दगडी दिवे, आणि मग अचानक सोनेरी रंगाचा भला मोठा जहाजाचा पंखा! सहा मीटर व्यासाचा, जहाज बांधणाऱ्या कंपनीनं वाहिलेला. डोंगरात जहाजाचा पंखा पाहून एखाद्याला नवल वाटेल, मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. अब्बा म्हणायचे, बोटीचा पंखा पाण्यात असतो तोवर कुणाला दिसत नाही, आणि दिसला की समजायचं बोट गोदीत आहे, माणसं सुखरूप आहेत. मी त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढून घेतला. या सबंध दिवसातला माझा तो एकच फोटो आहे.

जवळच एका कुत्र्याचा पुतळा आहे. त्याची हकिगत मी दोनदा विचारून घेतली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. दोन-तीनशे वर्षांपूर्वी सामान्य जपानी माणसाला दूरचा प्रवास सोपा नव्हता. आजारपण, म्हातारपण, शेती, पैसा, काही ना काही आडवं यायचं. मग आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवायची रीत होती. आणि कुणीच मिळालं नाही तर लोक आपला कुत्रा पाठवत! त्याच्या गळ्यात पिशवी बांधायची, तिच्यावर 'कोम्पिराच्या यात्रेला' अशा अर्थाची अक्षरं, आत मालकाचं नाव, वाहायचे पैसे आणि कुत्र्याच्या खाण्याचा खर्च. रस्त्यानं जाणारे-येणारे त्याला खायला घालत, रात्री आसरा देत, पुढच्या गावापर्यंत सोबत करत, आणि असा हातोहात तो इथवर पोहोचून परत घरी जाई.

आम्ही कोकणी शाफई. कुत्र्याचं ओलं तोंड लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यांत एकदा मातीनं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. तरी त्या पुतळ्यापुढून माझा पाय निघेना. मनात अस्हाबे-कहफचा कुत्रा आला, गुहेच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला. आणि त्याहून जास्त आठवली ती अम्मीची हज. अम्मीला हजला जायचं होतं. पैसे जमले तेव्हा पाय गेले होते. ती गेल्यावर भावानं तिच्या नावानं हज्जे-बदल केला. एअरपोर्टवर त्याच्या खिशात एक चिठ्ठी होती, तिच्यावर अम्मीचं आणि तिच्या वडिलांचं नाव. नाव चुकू नये म्हणून. दुसऱ्याचं नाव जवळ घेऊन लांब जाणं काय असतं, हे आमच्या घराला माहीत आहे. फिकहचे मसले वेगळे आणि मी त्यांची तुलना करत नाही. मी फक्त चिठ्ठीविषयी आणि पिशवीविषयी बोलते आहे.

असाच आणखी एक रिवाज मुलानं सांगितला. बोट या किनाऱ्याजवळून जात असेल, पण थांबायला वेळ नसेल, तर खलाशी एका लाकडी पिंपात पैसे किंवा वाहायची वस्तू घालत, वर निशाण लावत आणि पिंप समुद्रात सोडून देत. ज्या कोळ्याला ते सापडेल त्यानं ते उचलून इथे आणून पोहोचवायचं. न पोहोचवता ठेवून घेतलं तर विचारणारं कुणी नव्हतं. तरी पोहोचत असे. आजही अधूनमधून पिंपं येतात म्हणे. आपल्याकडे याला अमानत म्हणतात. अब्बा कोबेहून सुटीवर निघालेल्या एखाद्या गाववाल्याच्या हाती घरखर्चाचे पैसे पाठवायचे. पाकीट उघडं, पावती नाही, काही नाही. एकदाही कमी आले नाहीत.

पुढच्या पायऱ्यांवर एक म्हातारी आमच्या बरोबरीनं चढत होती. कमरेत वाकलेली, डोक्यावर कापडी टोपी. दर दहा पायऱ्यांना थांबायची आणि मीही थांबायचे, तेव्हा ओळख होणं भागच होतं. तिनं माझ्या रुमालाकडे पाहून मुलाला विचारलं, कुठल्या? इंडिया म्हटल्यावर ती खळखळून हसली. "मग कोम्पिरासान तुमच्याकडचाच की!" तिचा मुलगा मालवाहू बोटीवर होता. तिनं माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवून उतरताना कसं उतरायचं ते करून दाखवलं. आडवं व्हायचं, काठी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, मग चांगला. डॉक्टरनं मला हे इतक्या नीट सांगितलं नव्हतं.

६२८व्या पायरीवर एक भव्य लाकडी वास्तू आहे, तिला असाही-शा म्हणतात. तिचं काम ४० वर्षं चाललं आणि ती १८३७ मध्ये पुरी झाली. खांबा-तुळयांवर कोरीव काम इतकं दाट आहे की नजर ठरत नाही. जपानी लोक एका इशिमात्सु नावाच्या गड्याची गोष्ट सांगतात. त्याला मालकानं स्वतःच्या वतीनं पाठवलं होतं. तो इथं आला, एवढी मोठी वास्तू पाहून हेच मुख्य स्थान समजला, माथा टेकला आणि परत गेला. मालकाची यात्रा राहिली ती राहिलीच. म्हातारी इथेच थांबली. म्हणाली, माझे पाय इथपर्यंतचेच, पुढचं तो समजून घेतो.

इथून वर जाताना, मुख्य वास्तूच्या थोडं अलीकडे, एक गंमत घडते. चढत चढत आलेल्या माणसाला एका ठिकाणी एक पायरी खाली उतरावं लागतं. एकच. मुलानं हसत हसत कारण सांगितलं. पायऱ्या खरं तर ७८६ होतात. जपानीत आकड्यांचे उच्चार जोडून शब्द करायची सवय आहे. सातचा 'ना', आठचा 'या', सहाचा 'मु'. नायामु. म्हणजे चिंता करणं, क्लेश होणं. देवाच्या दारात एवढा अशुभ आकडा नको, म्हणून एक पायरी उतरती केली आणि हिशेबात ७८५ धरल्या. लोक असंच सांगतात.

सातशे शहाऐंशी! मी तिथंच उभी राहिले. ज्या आकड्याची नोट सापडली तर आपण ती पाकिटात जपून ठेवतो, जो आपल्याकडे रिक्षाच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर असतो, जुन्या पत्रांची सुरुवात ज्यानं व्हायची, तो आकडा टाळायला इथं डोंगराची पायरी बदलली आहे. अबजदच्या हिशेबानं बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज ७८६ येते, एवढंच. आकडा म्हणजे बिस्मिल्लाह नव्हे, तोंडानं पूर्ण म्हणा, हाती पूर्ण लिहा, असं आपले उलेमा कधीपासून सांगत आले आहेत. मीही याच सदरात एकदा लिहिलं होतं आणि दोघा वाचकांची रागाची पत्रं आली होती. त्या दोघांना मी त्या पायरीवर उभं करू इच्छिते. रागानं नव्हे, गंमत म्हणून. त्यांच्या शेजारी एखादा जपानी उभा करायचा आणि दोघांनी एकमेकांना आपापलं ७८६ समजावून सांगायचं.

नातवाला हे काही पटलं नाही. "दादी, पायरी ती पायरी. उतरली तरी मोजायची." त्याच्या मोजणीत तोवर ९००च्या वर झाल्या होत्या.

शेवटचा चढ फार उभा आहे. तिथं कुणी बोलत नाही. मी दोन्ही काठ्या टेकत, दर पायरीला दोन्ही पाय एकत्र आणत वर गेले. बिस्मिल्लाह मात्र म्हटलं, पूर्ण, प्रत्येक पायरीला.

वर मोठं अंगण आहे आणि तिथून सारं सानुकी मैदान दिसतं. भाताच्या शेतांमध्ये उलटी वाटी ठेवावी तसा एकटा गोल डोंगर, आणि पलीकडे, उजेड चांगला असेल तर, समुद्रावरचा तो पूल. लोक मुख्य वास्तूपुढे येत होते. दोनदा वाकायचे, दोनदा टाळी वाजवायचे, पुन्हा एकदा वाकायचे. मी बाजूला, लाकडी कठड्यापाशी उभी होते. मी वाकले नाही, टाळी वाजवली नाही, नाणं टाकलं नाही, ताईत घेतला नाही. खालच्या हात धुवायच्या पाण्याच्या कुंडाकडे पाहून नातू "वुजूची टाकी!" म्हणाला होता, तिथंही आम्ही नुसतं पाहिलं. कुणी आम्हाला हटकलं नाही आणि कुणी या म्हटलं नाही. पाहुण्यानं जसं उभं राहावं तसं उभं राहता आलं.

आणि तिथं उभी असताना मला मलंगगड आठवला.

मी आठ वर्षांची असेन. अब्बांचं पत्र पाच महिने आलं नव्हतं. ऑफिसात चौकशी केली की "बोट पोहोचली की कळेल" एवढंच उत्तर. आम्ही तेव्हा कल्याणला मामांकडे होतो. एका पहाटे अम्मी निघाली आणि हाजी मलंगचा डोंगर चढून रात्री परत आली. मला नेलं नव्हतं. तिचे पाय सुजले होते, ते मी मिठाच्या गरम पाण्यात ठेवायला मदत केली, एवढं आठवतं. पुढे पत्र आलं. बोट कुठल्याशा बंदरात दुरुस्तीसाठी अडकली होती.

मग मी मोठी झाले, दर्सला जाऊ लागले, पुस्तकं वाचू लागले. बावीस वर्षांची असताना एका लग्नघरी चारचौघींत तो विषय निघाला आणि मी अम्मीला म्हटलं, "मागायचं ते फक्त अल्लाहकडे. तू मलंगला गेलीस तो शिर्क होता." मामी होती, चुलती होती, शेजारणी होत्या. अम्मी काही बोलली नाही. ताट उचलून आत गेली. पुन्हा आमच्यात तो विषय कधीच निघाला नाही.

मसला मी चुकीचा सांगितला नव्हता. आजही मला विचाराल तर मागायचं कुणाकडे, याचं माझं उत्तर तेच आहे. पण बावीसव्या वर्षी मी एकही डोंगर चढले नव्हते, आणि माझं कुणी समुद्रावर पाच महिने बेपत्ता नव्हतं.

मुख्य वास्तूच्या बाजूला एक उघडं दालन आहे. तिथं बोटींच्या पाट्या आणि फोटो लावलेले आहेत, शेकड्यांनी. मासेमारीच्या होड्या, तेलाची जहाजं, गस्तीच्या बोटी. सूर्याच्या उजेडावर समुद्र पार केलेली एक छोटी नावसुद्धा ठेवली आहे. आणि एका कोपऱ्यात १९९० मध्ये सोव्हिएत यानातून अवकाशात गेलेल्या आकियामा या पहिल्या जपानी माणसाची पाटी आहे. तोही एका अर्थानं घरापासून लांब गेलेला जहाजीच. मी एक एक पाटी पाहत राहिले. वाचता काही येत नव्हतं, पण प्रत्येक बोटीखाली लिहिलेली ओळ काय असेल हे कळत होतं.

१,३६८व्या पायरीपर्यंत मी गेले नाही. मुलगा आणि सून गेले, मी आणि नातू अंगणात गोळ्या फोडत बसलो. उतरताना म्हातारीनं शिकवलेल्या पद्धतीनं आडवी होऊन उतरले. खालपर्यंत गुडघा कुरकुरला, पण रुसला नाही. आणि हो, ती एक उतरती पायरी येताना चढावी लागली.

गावात छोटी नदी आहे, तिच्या काठाला झाडाखाली चटई टाकून जुहर पढले. किब्ला इथून पश्चिमेला, जरासा उत्तरेकडे कलता, जवळजवळ आपल्यासारखाच. म्हणजे नेमका तो डोंगर समोर. क्षणभर अडखळले. मग डोंगर कुणाचा हा प्रश्न मनात आला आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं, तेव्हा नियत बांधली. जेवण सुनेनं घरून आणलं होतं. उदोनचा रस्सा बरेचदा मिरिन घालून करतात, त्यात मद्यार्क असतो. तिकडे जाणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं.

रात्री आपाचा फोन आलाच. आधी गुडघ्याची चौकशी. मग, "किती पायऱ्या होत्या?" मी सांगितलं. आणि कसं कोण जाणे, मलंगचंही बोलून गेले. लग्नघरातलंसुद्धा.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आपा म्हणाली, "मी होते तेव्हा अम्मीबरोबर. वर गेलो, पण ती दर्ग्यात गेलीच नाही. बाहेर एका कातळावर बसली. धाप लागलेली. म्हणाली, जरा दम खाऊ दे. मग तिथंच दोन रकात नफिल पढली, हात उठवले, खूप रडली. आणि म्हणाली, चल, उतरू या, अंधार होईल."

"मग मी बोलले तेव्हा तिनं सांगितलं का नाही?"

"तू विचारलं होतंस का?"

मी काही बोलले नाही. आपाही बोलली नाही. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "त्या पिवळ्या गोळ्या आण माझ्यासाठी. दोन पुड्या. आणि तो हातोडा विसरू नकोस, माझ्या दातांनी आता फुटायच्या नाहीत."